हरिकेन विमानांच्या भारतीय स्क्वाड्रन्स : प्रस्तावना

हॉकर हरिकेन हे एकआसनी, एकइंजिनी लढाऊ विमान भारतीय हवाई दलात 1942 मध्ये दाखल झाले आणि युद्ध संपताच अल्पावधीत दलातून निघून गेले. ज्या दलाकडे 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा एकच स्क्वाड्रन होती, त्या दलाकडे युद्ध संपताना नऊ स्क्वाड्रन्स होत्या आणि त्यांपैकी आठांनी कधी ना कधी हरिकेन उडवले होते. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सहावी, सातवी, नववी आणि दहावी अशा या आठ स्क्वाड्रन्स होत; आठवी मात्र व्हेंजन्स या सूरमारी बाँबफेकी विमानावरून थेट स्पिटफायरकडे गेली. स्क्वाड्रन म्हणजे साधारणपणे बारा ते सोळा विमाने, त्यांचे वैमानिक आणि त्यांच्या कितीतरी पट संख्येने असलेले जमिनीवरचे तंत्रज्ञ यांचे स्वतंत्रपणे लढू शकणारे पथक. ते दोन किंवा अधिक ‘फ्लाइट्स’मध्ये विभागलेले असते आणि त्या काळी त्याच्या प्रमुखाला स्क्वाड्रन लीडर हा हुद्दा असे. या आठ पथकांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि वायव्य सरहद्दीवर काय केले, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे.

लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचा इतिहास लिहिताना पाडलेल्या शत्रुविमानांची मोजदाद करण्याची प्रथा युरोपातील युद्धकथांनी रूढ केली आहे, आणि ती मोजपट्टी येथे लावली तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. ब्रह्मदेशाच्या संपूर्ण मोहिमेत भारतीय हवाई दलाच्या नावावर निर्विवादपणे लावला जाणारा हवाई विजय एकच आहे : फेब्रुवारी 1944 मध्ये अराकानवर सहाव्या स्क्वाड्रनचे जगदीशचंद्र वर्मा यांनी पाडलेले ‘ऑस्कर’ या सांकेतिक नावाचे जपानी लढाऊ विमान. या एका आकड्यावरून हे वैमानिक दुय्यम ठरवणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना युरोपातील नामवंत लढवय्यांच्या पंक्तीला ओढून बसवणेही चुकीचे आहे. त्यांचे नेमून दिलेले काम मुळात वेगळे होते. आकाशात द्वंद्व करण्यासाठी घडवलेल्या विमानाचा त्यांनी जमिनीकडे पाहण्यासाठी उपयोग केला, आणि जंगलात लपलेल्या शत्रूशी लढणाऱ्या पायदळाला त्या पाहण्याची गरज लढण्यापेक्षा पुष्कळदा अधिक होती. या स्क्वाड्रन्सचे मूल्यमापन त्यांनी काय पाडले यावरून नव्हे, तर काय पाहिले आणि ते वेळेत कोणापर्यंत पोचवले यावरून व्हावे, अशी या अभ्यासाची भूमिका आहे.

विमानाविषयी प्रथम थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याच्या बांधणीतच या कथेचा बराचसा भाग दडलेला आहे. सिडनी कॅम यांनी आखलेल्या हरिकेनचे पहिले उड्डाण 6 नोव्हेंबर 1935 रोजी इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथे झाले आणि डिसेंबर 1937 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या 111 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ते प्रथम मिळाले. 1940 च्या ब्रिटनच्या लढाईत लोकप्रियता स्पिटफायरच्या वाट्याला आली असली, तरी जर्मन विमाने अधिक पाडली ती हरिकेननेच. निजामाच्या देणगीमुळे ‘हैदराबाद स्टेट’ असे नाव लाभलेली ब्रिटिश हवाई दलाची 253 क्रमांकाची स्क्वाड्रन त्या लढाईत हरिकेनच उडवत होती. ज्या संस्थानाचे नाव तिला मिळाले त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते, ही गोष्ट मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. मात्र 1941 उजाडेपर्यंत हे विमान युरोपात मागे पडू लागले होते, आणि तेथे मागे पडलेली सामग्री पूर्वेकडे पाठवायची या साम्राज्याच्या नेहमीच्या हिशेबाने ते भारतात आले.

तरीही पूर्वेकडच्या आघाडीला ते ज्या प्रकारे मानवले, त्याचे श्रेय केवळ नाइलाजाला देता येणार नाही. हरिकेनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि त्याच्या मागील अर्ध्या भागावर, छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तसे, कापड ताणून त्यावर ‘डोप’ नावाचा घट्ट करणारा लेप दिलेला असे. बंदुकीची गोळी अशा कापडातून आरपार जाई आणि नळीला धक्का लागला नसेल तर एका ठिगळावर काम भागे. पत्र्याच्या कवचाने सारा भार पेलणाऱ्या स्पिटफायरसारख्या विमानाची दुरुस्ती एवढी सोपी नव्हती. चाके बाहेरच्या बाजूने आत दुमडत असल्यामुळे जमिनीवर त्यांच्यातील अंतर रुंद राही, आणि भातखाचरे सपाट करून घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर उतरताना विमान कलंडण्याची भीती कमी होई. धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून नाकाखाली बसवलेल्या मोठ्या गाळणीने वेग काहीसा घटवला, पण त्या गाळणीशिवाय मर्लिन इंजिन उन्हाळ्यातील धुरळ्यात फार काळ टिकले नसते. दुसऱ्या आवृत्तीच्या ‘बी’ प्रकारात बारा मशिनगन होत्या, तर ‘सी’ प्रकारात 20 मिलिमीटरच्या चार तोफा. टेहळणीसाठी वापरताना वजन कमी करण्याकरिता यांतील काही काढून टाकत आणि कॅमेरा बसवत. पंखांखाली अडीचशे पौंडांचे दोन बाँब लावले की हेच विमान बाँबफेकीही करू शके.

हरिकेन येण्यापूर्वीच भारतीय हवाई दलाने ब्रह्मदेशाची पहिली मोहीम पाहिली होती. दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची आणि पहिली स्क्वाड्रन 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे चार वापिटी विमानांनिशी उभी राहिली; पुढची काही वर्षे तिने सरहद्दीवरील टोळ्यांवर नजर ठेवण्यात आणि प्रसंगी त्यांच्यावर बाँब टाकण्यात घालवली. 1941 मध्ये तिला लायसँडर ही संथ, दोन आसनांची, लष्कराशी सहकार्य करण्यासाठीची विमाने मिळाली, आणि त्यांचा संपूर्ण ताफा ‘बाँबे वॉर गिफ्ट्स फंड’ने, म्हणजे मुंबईत गोळा झालेल्या वर्गणीतून, दिलेला होता. करुण कृष्ण मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती फेब्रुवारी 1942 मध्ये टाँगूला पोचली आणि मूळ टेहळणीसाठी असलेल्या लायसँडरना अडीचशे पौंडी बाँब अडकवून तिने सयामच्या हद्दीतील मे हाँग सोनच्या जपानी विमानतळावर हल्ले चढवले. हे बाँब अडकवण्याची सोय करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये हरजिंदर सिंग यांचा वाटा मोठा होता. ‘हवाई सिपाही’ म्हणून भरती झालेला हा गृहस्थ पुढे एअर व्हाइस मार्शल झाला, यावरून त्या काळच्या हुद्द्यांच्या उतरंडीत किती बुद्धी खाली दडपलेली होती याची कल्पना यावी.

ब्रह्मदेशातून झालेल्या माघारीनंतर 1942 मध्ये हरिकेन आले. पहिल्या आणि दुसऱ्या स्क्वाड्रननी ते प्रथम स्वीकारले. दुसरीने 1943 च्या प्रारंभी विंगेट यांच्या चिंडिट सैन्याच्या पहिल्या मोहिमेला, म्हणजे जपानी फळीच्या मागे शिरलेल्या त्या पायी तुकड्यांना, साहाय्य केले. मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणम येथे युद्धारंभी उभारलेली किनारा-रक्षण दले आता मोडून त्यांतील माणसे नव्या स्क्वाड्रन्समध्ये वाटली गेली. सहावी स्क्वाड्रन 1 डिसेंबर 1942 रोजी त्रिचनापल्लीला मेहर सिंग यांच्या हाताखाली उभी राहिली ती अशाच माणसांमधून. तिसरी कोहाटला सरहद्दीवर होती आणि 1943 च्या उत्तरार्धात तिलाही हरिकेन मिळाले. तिच्या कामाचे स्वरूप युद्धापूर्वीच्या बंदोबस्तासारखेच राहिल्याने तिच्याविषयी येथे फारसे लिहिलेले नाही.

टेहळणी हे काम नेमके काय होते, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लष्करी भाषेत त्याला ‘टॅक्टिकल रिकॉनिसन्स’ आणि बोलण्यात ‘टॅक-आर’ म्हणत : म्हणजे आघाडीच्या लगतच्या पट्ट्यात शत्रूच्या हालचाली पाहून लढणाऱ्या सेनापतीला त्याच दिवशी कळवणे. विमाने जोडीने निघत. पुढचा वैमानिक खाली पाही. मागचा थोडा उंच राहून सतत उजवी-डावीकडे वळत आकाशावर लक्ष ठेवी, कारण खाली नजर लावलेल्या माणसाला पाठीमागून येणारे विमान दिसत नसे. उड्डाण झाडांच्या शेंड्यांजवळून होई. जपानी सैन्य दिवसा जंगलात लपे आणि रात्री चाले, त्यामुळे प्रत्यक्ष सैनिक दिसणे विरळाच. दिसत त्या खुणा. कालपर्यंत ज्या नाल्याकाठी गवत उभे होते तेथे आज पडलेली पायवाट, पहाटेच्या धुक्यात एखाद्या झाडीवर रेंगाळणारा चुलीचा धूर, उतरणीवर ओरखडे उमटवून गेलेली चाके, वाळलेल्या फांद्यांनी झाकलेले पण भोवतालच्या हिरव्या रंगात उठून दिसणारे ढिगारे, ओढ्याच्या काठाला दिवसाही हलवायच्या राहून गेलेल्या होड्या. एका फेरीत दिसलेल्या गोष्टींना फारसा अर्थ नसे. तोच पट्टा रोज पाहणाऱ्या माणसालाच त्यातला बदल जाणवे, आणि म्हणून या स्क्वाड्रन्स एका जागी दीर्घकाळ ठेवल्या गेल्या. विमान उतरताच वैमानिक तेथे बसवलेल्या भूदलाच्या संपर्क अधिकाऱ्याला जे दिसले ते सांगे, तो ते नकाशावर उतरवून फोनने किंवा बिनतारी संदेशाने पुढे धाडी, आणि कॅमेऱ्यातील फिल्म धुवून छायाचित्रे काढली जात. ब्रह्मदेशाचे उपलब्ध नकाशे जुने आणि ठिकठिकाणी अपुरे असल्यामुळे या छायाचित्रांना लढाईइतकेच नकाशांसाठीही मोल होते.

या कामात सहाव्या स्क्वाड्रनचा लौकिक सर्वात मोठा झाला. नोव्हेंबर 1943 च्या अखेरीस ती कॉक्स बाजारला गेली आणि अराकानच्या समुद्रकाठच्या अरुंद पट्टीपासून मायू डोंगररांगेपलीकडच्या कलादान खोऱ्यापर्यंतचा मुलूख तिच्या नजरेखाली आला. फेब्रुवारी 1944 मध्ये जपान्यांनी ‘हा-गो’ ही चढाई करून भारतीय सातव्या डिव्हिजनचा मागचा तळ वेढला, तेव्हा पूर्वीप्रमाणे माघार न घेता तो तळ विमानांतून टाकलेल्या रसदीवर टिकवून धरण्याचा निर्णय झाला. वेढ्याच्या आत-बाहेर काय चालले आहे हे पाहण्याचे काम या हरिकेननी केले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील चौदाव्या सैन्याचे डोळे असा तिचा उल्लेख होऊ लागला. मेहर सिंग यांना 1944 मध्ये ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा बहुमान मिळाला, जो त्या युद्धात भारतीय हवाई दलातील अन्य कोणालाही मिळाला नाही. ब्रिटनमध्ये हरिकेन उडवून आलेले महिंदर सिंग पुज्जी हेही या आघाडीवर सहाव्या आणि चौथ्या स्क्वाड्रन्सबरोबर उडाले. वैमानिकांना खालच्या उंचीवरून उडण्याचा कठोर सराव देणे हा मेहर सिंग यांच्या नेतृत्वाचा गाभा होता, आणि त्यांच्या स्वभावातील फटकळपणाच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांपेक्षा हा सराव अधिक दखलपात्र आहे.

पहिल्या स्क्वाड्रनचा इतिहास इंफाळशी जोडलेला आहे. फेब्रुवारी 1944 मध्ये ती अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली त्या खोऱ्यात उतरली आणि सुमारे चौदा महिने आघाडीवर राहिली. मार्चमध्ये जपान्यांची ‘यू-गो’ ही मुख्य चढाई सुरू झाली, महिनाअखेरीस कोहिमा-इंफाळ रस्ता तुटला आणि तो 22 जून 1944 रोजी पुन्हा उघडेपर्यंत खोऱ्यातील सैन्याचे अन्न, दारूगोळा आणि विमानांचे इंधन, सारे काही हवेतून येत राहिले. या काळात पालेल आणि टामूच्या वाटांवर, चिंदविनच्या काठांवर आणि उखरूलच्या डोंगरांत जपानी कुठवर आले आहेत हे शोधणे, सापडलेल्या तुकड्यांवर तोफा आणि बाँब चालवणे आणि लगेच पुन्हा पाहायला जाणे हा दिनक्रम झाला. पावसाळ्यात ढग डोंगरमाथ्यांवर बसत आणि खोऱ्यातून बाहेर पडण्याच्या खिंडी बंद होत. बंद खोऱ्यात परतताना वाट चुकलेल्या विमानाला दुसरी संधी क्वचितच मिळे. त्या वर्षी पंचविशीत असलेल्या अर्जन सिंग यांना आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे हवाई शौर्यपदक इंफाळलाच दिले. युद्धाच्या अखेरीपर्यंत हे पदक भारतीय हवाई दलाला बावीस वेळा मिळाले.

इंफाळचा उल्लेख आला की आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. पालेलच्या वाटेवर जपान्यांच्या बाजूने आझाद हिंद सेनेच्या तुकड्या लढत होत्या, आणि एप्रिल 1944 मध्ये इंफाळच्या दक्षिणेला मोइरांग येथे तिचा ध्वज उभारला गेला. त्याच खोऱ्यावरून भारतीय वैमानिक भारतीय पायदळासाठी टेहळणी करीत होते. मागे ‘भारत छोडो’ आंदोलनाचे नेते तुरुंगात होते आणि बंगालात, याच विमानतळांच्या पाठीशी, 1943 चा दुष्काळ पडला होता. या विसंगतीवर दोन्ही बाजूंनी सोपी उत्तरे दिली गेली आहेत : एका बाजूने या वैमानिकांना साम्राज्याचे चाकर म्हटले, दुसऱ्या बाजूने त्यांच्या निष्ठेला प्रश्नच नव्हता असे भासवले. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. यांतील अनेकांना स्वातंत्र्य हवे होते आणि जपानही नको होता, आणि स्वतःचे हवाई दल चालवता येते हे सिद्ध करण्याची संधी त्यांना त्या युद्धात दिसत होती. ही दृष्टी त्यांच्या नंतरच्या वागण्यातून अधिक स्पष्ट होते.

उरलेल्या स्क्वाड्रन्सचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येतो. सातवी व्हेंजन्सवरून 1944 च्या अखेरीस हरिकेनवर आली आणि प्रताप चंद्र लाल यांच्या नेतृत्वाखाली 1945 मध्ये इरावती ओलांडून रंगूनकडे निघालेल्या सैन्याबरोबर पुढे सरकली. नववी जानेवारी 1944 मध्ये भोपाळला आणि दहावी त्यानंतर लवकरच लाहोरला उभी राहिली. दोघींनाही सी प्रकारची विमाने मिळाली आणि दोन्ही अराकानकडे गेल्या. दहावीचे प्रमुख रॉबर्ट डो हे ब्रिटनच्या लढाईत नाव कमावलेले वैमानिक होते, आणि एका अनुभवी परकीय वैमानिकाने नव्या भारतीय पथकाला आकार देण्याचे हे उदाहरण या विषयात बरेच काही शिकवते. भारतीय स्क्वाड्रन्सच्या शेजारी ब्रिटिश हवाई दलाच्याही अनेक हरिकेन स्क्वाड्रन्स होत्या. त्यांतील विसाव्या क्रमांकाची 40 मिलिमीटरच्या दोन तोफा बसवलेल्या विमानांनी फेब्रुवारी 1945 मध्ये इरावतीकाठी जपानी रणगाडे उद्ध्वस्त करून गेली. त्यांचा वृत्तांत येथे भारतीय पथकांच्या कामाशी जेथे गुंततो तेवढ्यापुरताच घेतला आहे.

विमानाबरोबर ज्यांची नावे येत नाहीत त्या फिटर, रिगर आणि आर्मरर यांच्याबद्दल अधिक लिहायला हवे होते. फिटर इंजिन पाही, रिगर सांगाडा, कापड आणि चाके पाही, आर्मरर तोफा, गोळ्यांचे पट्टे आणि बाँब. रात्रभर पावसात भिजलेल्या कापडी शेपटीला पहाटेच्या आत कोरडे करून ठिगळ लावणे आणि गंजू पाहणाऱ्या तोफा तेल देऊन चालू ठेवणे यांशिवाय दिवसाचे एकही उड्डाण झाले नसते. पण स्क्वाड्रनच्या दप्तरात त्यांच्या कामाला क्वचितच ओळ मिळे. हे दप्तर म्हणजे ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’. त्यातील फॉर्म 540 मध्ये महिन्याच्या घडामोडींचा गोषवारा आणि फॉर्म 541 मध्ये प्रत्येक उड्डाणाची वेळ, वैमानिक, विमान आणि कामगिरी असे. हे लिखाण एखाद्या दमलेल्या अधिकाऱ्याने केलेले असल्याने त्यात विनोद, कंटाळा आणि कधी तक्रारही डोकावते, मात्र ‘काही दिसले नाही’ ही नोंद सर्वात अधिक आढळते. या स्क्वाड्रन्सचा इतिहास वाचताना ही नोंद रिकामी समजता कामा नये, कारण विशिष्ट वाटेवर शत्रू नाही ही खात्री सेनापतीला शत्रू आहे या बातमीइतकीच उपयोगी पडत असे. एस. सी. गुप्ता यांनी लिहिलेला आणि 1961 मध्ये प्रसिद्ध झालेला भारतीय हवाई दलाचा अधिकृत युद्धेतिहास याच नोंदींवर उभा आहे, पण त्याचा भर मोहिमांच्या क्रमावर असल्याने पाहण्याच्या या कौशल्याला त्यात पुरेशी जागा मिळालेली नाही.

या स्क्वाड्रन्समधील माणसे पुढे कोठे गेली हेही लक्षात घेतले पाहिजे. मजुमदार यांचा 17 फेब्रुवारी 1945 रोजी लाहोरच्या वॉल्टन विमानतळावर हरिकेनमधून कसरती करून दाखवताना अपघाती मृत्यू झाला. मेहर सिंग यांनी 1948 मध्ये लेहला पहिले डाकोटा उतरवले. 1965 च्या युद्धात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते अर्जन सिंग, तर 1971 च्या युद्धात लाल. आणि 1957 पासून 1965 च्या जुलैपर्यंत पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख होते असगर खान, ज्यांनी ब्रह्मदेशाच्या युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात नवव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले होते. नववी स्क्वाड्रन फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि भारतात त्या क्रमांकाची नवी स्क्वाड्रन 1964 मध्ये नॅट विमानांवर उभी करण्यात आली. पहिली, सातवी आणि नवी नववी या तिघीही नंतर ग्वाल्हेरला मिराज 2000 विमानांवर आल्या. मूळ हरिकेन मात्र स्पिटफायर आणि टेम्पेस्ट आल्यावर भंगारात गेले. दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक जपून ठेवलेले आहे.

शेवटी काही संकेत. स्थळनामे तत्कालीन वापराप्रमाणे ठेवली आहेत, म्हणून यांगोन ऐवजी रंगून आणि म्यानमार ऐवजी ब्रह्मदेश असे लिहिले आहे. दलाच्या नावाआधी ‘रॉयल’ ही उपाधी 12 मार्च 1945 पासून लागली असली तरी गोंधळ टाळण्यासाठी सर्वत्र भारतीय हवाई दल असेच म्हटले आहे. पाचव्या क्रमांकाची स्क्वाड्रन या वृत्तांतात आढळत नाही, कारण युद्धकाळात ती अस्तित्वातच नव्हती. तिची उभारणी नोव्हेंबर 1948 मध्ये लिबरेटर या जड बाँबफेकी विमानांवर झाली.